कोणाच्या अंगांत देवी, कोणाच्या अंगांत रोग?

भीमाशंकरच्या डोंगरांत महादेव कोळ्याच्या बायकोच्या अंगांत वारें आलें, ती घुमूं लागली, कीं खालच्या शहाण्यांचें मत तयारच असतें: रानटी जात, हिचें डोकेंच फिरलेलें! पण नवरात्रांत अष्टमीच्या रात्रीं चित्पावनांच्या घरीं महालक्ष्मीपुढें सुवासिनी घागर फुंकतात, एखादीच्या अंगांत येतें; तेव्हां हेच शहाणे हात जोडून तिला प्रश्न विचारावयास बसतात. त्यांचा तो कुळाचार आणि आमचा तो रोग, हा न्याय कोणत्या पोथींतला, हें आम्हांस कोणी सांगेल काय?

विद्वानांचा कित्ताही हाच. अमेरिकन मनोवैद्यांनीं १९९४ सालीं ‘संस्कृतिबद्ध विकार’ असें भारदस्त नांव देऊन बहुतेक परक्या लोकांच्या वेडांची निराळी यादी छापली. २०१३ सालीं तें नांव त्यांचें त्यांनाच टाकावें लागलें. त्या यादींतील ‘पिब्लोक्तोक’ची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ग्रीनलंडच्या इनुइट बाया किंचाळत बर्फांत धांवत सुटतात, असें पिअरीच्या ध्रुवसफरीच्या मंडळीनें लिहिलें व वैद्यांनीं तें प्रमाण मानलें. लाइल डिक या इतिहासकारानें १९९५ सालीं जुने कागद तपासून दाखविलें कीं, त्या बायांवर सफरीच्या गोऱ्यांचीच जबरदस्ती चालली होती!

तेव्हां आमच्या बाईच्या घुमण्याला नांव ठेवण्याआधीं तिचा संसार विचारा. डिंभे धरणांत तिची जमीन गेली काय? ३० जुलै २०१४ रोजीं माळीणवर डोंगर कोसळून १५१ माणसें गाडलीं गेलीं. मागें राहिलेल्यांस पावसाच्या रात्रीं झोंप कशी लागत असेल?

भगताची वकिली आम्ही करितों असें मात्र कोणी समजूं नये. फटके मारून भूत काढणारा, गरीब विधवेस चेटकीण ठरविणारा भगत आमचा असला तरी गुन्हेगारच. डॉ. दाभोलकरांचा खून पडल्यावर २०१३ सालीं झालेल्या कायद्यानें त्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे, व ती व्हावीच. पण हाक मारली कीं तो मध्यरात्रींही येतो आणि रोग्याशीं त्याच्याच बोलींत बोलतो, हें विसरून चालणार नाहीं. २०१७ च्या कायद्यानें सरकारी मानसोपचार हा प्रत्येकाचा हक्क झाला. तो घ्यावयास वाडीवरच्या बाईनें येरवड्याची वाट धरावी काय? घोडेगांवीं आदिवासी प्रकल्पाची कचेरी आहे. वाड्यावस्त्यांवर नेमानें फिरणारा, कोळ्या-ठाकरांची बोली समजणारा मनाचा डॉक्टर तिनें मागून घ्यावा, व त्याच्या फेरीचा वार प्रत्येक चावडीवर लिहावा.