डोक्याखालचा धोंडा

बरेच दिवसांनी लिहितोय. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन बंदच होतं. आता दिसायला चांगलं लागलंय. इतकं चांगलं, की परवा रात्री आकाश बघून मी दचकलोच!

झालं असं की शेतातल्या गव्हाला पाणी द्यायचं होतं. आमच्या वडीगोद्रीला पैठणच्या धरणाचा डावा कालवा जवळ असला, तरी विहिरीवरच्या मोटारीला लाइट लागतेच, आणि ती त्या आठवड्यात रात्री बाराला येत होती. पुतण्या म्हणाला, "तात्या, तुम्ही कशाला येता थंडीत?" मी म्हटलं, डॉक्टरांनी वाकू नको सांगितलंय, बसू नको असं नाही सांगितलं. घोंगडी घेतली आणि गेलो. त्याने स्टार्टर दाबला, पाणी पाटाला लागलं, आणि मी बांधावर आडवा झालो. उशाला काही नव्हतं म्हणून एक सपाट धोंडा ओढून घेतला.

हायवेचा उजेड आमच्याकडे आता बराच असतो. धुळे-सोलापूर रस्ता रुंद झाल्यापासून रात्र पूर्वीसारखी काळी राहिली नाही. तरीही दक्षिणेला व्याध असा लखलखत होता की बस्स. मोतीबिंदूने चार-पाच वर्षं मला ताऱ्यांच्या जागी नुसता धूर दिसत होता. शेजारी टिटवी ओरडत होती. अशा वेळी माणसाला काय वाटतं ते सांगता येत नाही. नेमका तो धोंडा मानेला टोचला आणि मला एक माणूस आठवला.

हा माणूस म्हणजे जालन्याकडचा एक ख्रिस्ती उपदेशक. त्यांचं नाव लिहीत नाही. १९८७ सालची गोष्ट. मी सातवीला मराठी शिकवत होतो. रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता चालू होती. जखमी पक्षीण पिलांसाठी चारा घेऊन घरट्याकडे येते ती. मी ती फार छान शिकवत असे, निदान मला तसं वाटे. पोरी रडत. त्या दिवशी मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या चर्चमध्ये गातात त्या गाण्यांचे टिळक हेच का?"

मी म्हणालो, "खाली बस. आपला विषय पक्ष्याचा आहे, इथे धर्म आणायचा नाही."

वर्ग हसला. ती बसली. वर्षभर तिने पुन्हा हात वर केला नाही.

चार दिवसांनी तिचे वडील सायकलवरून शाळेत आले. मला वाटलं तक्रार करणार. पण त्यांनी त्या प्रसंगाचा शब्दही काढला नाही. चहा घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही कविता चांगली शिकवता असं पोरगी सांगते." मग सायकलवरच्या फिरतीचं सांगत बसले. गावोगाव जायचं, कुणी ऐकलं तर सांगायचं, नाही ऐकलं तर पाणी पिऊन पुढे. मुक्कामाला जागा मिळाली नाही तर कुणाच्या तरी खळ्यावर झोपायचं. "खरं सांगू का, घरात बसून प्रार्थना केली तर माझं मन पोरांच्या फीकडे जातं. ज्वारीच्या रानात पहाटे जाग आली की मागावं लागत नाही. आपोआप हात जोडले जातात," असं ते म्हणाले. मग त्यांनी मला याकोबाची गोष्ट सांगितली. भावाच्या भीतीने पळालेला याकोब, दिवस मावळला तिथेच एक धोंडा उशाला घेऊन उघड्यावर झोपतो. स्वप्नात जमिनीपासून आभाळापर्यंत शिडी दिसते. जागा होतो तो घाबरून, की देव इथेच होता आणि मला पत्ताच नव्हता! त्या जागेला तो नाव देतो बेथेल. देवाचं घर.

"आमचं जालन्याजवळचं बेथेल माहीत आहे ना? ते नाव तिथून आलंय."

मला माहीत नव्हतं. जालना जिल्ह्यात जन्म गेला, बी. ए. झालो, आणि नारायण शेषाद्रींबद्दल एक ओळ वाचलेली नव्हती! नंतर मिळेल ते वाचलं. ब्राह्मण घरातला हा मुलगा १८४३ मध्ये मुंबईला ख्रिस्ती झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद त्याच वर्षी कोर्टाच्या हुकुमाने घरी परत आला, तर त्याला जातीत घ्यावं की नाही यावरून मुंबईत केवढं वादळ उठलं, आणि बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले. पुढे नारायणराव निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. सालारजंगांकडून माळरानाची जमीन मिळवली आणि गावकुसाबाहेरच्या माणसांसाठी गाव वसवलं. १८९१ मध्ये अमेरिकेहून परतताना समुद्रातच वारले. आयुष्यभर फिरतीवर. आपल्याकडच्या त्या मुरमाड माळावर उभं राहून एखाद्याला 'देवाचं घर' हे नाव सुचावं, याचं मला अजून नवल वाटतं. आम्ही त्या माळाला पडीक म्हणतो.

आता मुद्द्याचं. आपण टिळकांचे दोन तुकडे केले आहेत. शाळेसाठी 'फुलामुलांचे कवी', आणि चर्चसाठी रेव्हरंड. मी स्वतः तेरा-चौदा वर्षं अर्धाच माणूस शिकवला. त्यांचं ख्रिस्ती होणंही प्रवासातच सुरू झालं. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा गृहस्थ भेटला. गप्पा सुरू झाल्या त्या संस्कृत काव्यावरून, आणि उतरताना त्याने नवा करार हातात दिला. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा. त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं! पण फुलांचं वेड त्याच्या कितीतरी आधीचं, कोकणातलं, करजगावच्या डोंगरातलं. म्हणजे आधी नवल वाटलं, श्रद्धेचं नाव पुढे मिळालं. नाव बदललं म्हणून फूल बदललं नाही.

आमच्या घरातल्या काही मंडळींना हे रुचणार नाही. धाकटे बंधू फोनवर म्हणालेच, "अहो दादा, हे लोक निसर्ग दाखवतात आणि माणसं बाटवतात." दारिद्र्याचा फायदा घेतला गेला असेल कुठे, मी नाही म्हणत नाही. पण बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी, नगरला, मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त ते सगळं आहे. पाद्र्याच्या घरात राहून, पाद्र्याबरोबर फुलं-झरे बघून बालकवी हिंदूच राहिले. त्यांना कुणी खाली बस म्हटलं नाही. ज्यांना खाली बस म्हणायची घाई असते ते बहुधा माझ्यासारखे असतात, ज्यांना आपण कोणाचीच बाजू घेत नाही असं वाटत असतं.

मी स्वतः वारकरी घरातला. मुक्ताईची पालखी जालना-अंबडकडून बीडकडे जाते, तेव्हा आईबरोबर चालत गेलोय. त्या वाटेवर, पावसाची पहिली सर आली की म्हाताऱ्या बाया चिखलातच लोटांगण घालत. तेही काही देवळात घडत नव्हतं. त्या उपदेशकाला ज्वारीच्या रानात येशू भेटला, मला परवा बांधावर माझा विठोबा आठवला. दोघांच्या डोक्याखाली मात्र धोंडाच होता. यावर पंडितांनी काय म्हणायचं ते म्हणावं. पायी किंवा सायकलवर फिरणारा माणूस देवाबद्दल बोलला तर मी हल्ली ऐकून घेतो. मोठ्या गाडीतून येऊन स्पीकरवर बोलणारा असला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, की माझं लक्ष उडतं. २०२४ मध्ये आमच्या गावात आंदोलनामुळे गाड्याच गाड्या आल्या होत्या. त्यातल्या कुणी आमच्याकडचं आभाळ पाहिलं असेल असं वाटत नाही.

असो. पहाटे पुतण्याने हलवून उठवलं. गव्हाचे वाफे भरले होते आणि माझी मान आखडली होती. घरी ओरडा बसला तो वेगळाच.

ते उपदेशक वारल्याचं मला खूप उशिरा कळलं. मुलीचं लग्न होऊन ती जालना सोडून गेली म्हणतात. आता पन्नाशीच्या आसपास असेल. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय : हो, तेच टिळक. जालन्याकडच्या आपल्या नातेवाइकांपैकी कुणाला त्या घराची माहिती मिळाली तर मला फोन करा. नाव इथे लिहीत नाही, फोनवर सांगेन.