पट्ट्याचा पंखा काढून विजेचा बसवावा काय?

उन्हाळा लागला की जुन्या गाड्या बाळगणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न हमखास आमच्यापुढे येतो. गाडी गरम होते. गॅरेजवाला सांगतो, इंजिनावरचा पंखा काढून टाका आणि विजेवरचा बसवा. तर तसे करावे काय? प्रश्न लहान दिसतो, परंतु ज्यांचे घर एका जुन्या जीपवर चालते त्यांच्यासाठी तो लहान नाही. इंजिन एकदा जास्त तापले की हेड गॅस्केट जळते, हेड वाकते आणि गाडी आठ-पंधरा दिवस गॅरेजमध्ये पडून राहते. त्या दिवसांत भाडे नसते, पण हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून या विषयाचा आज जरा सविस्तर विचार करू.

प्रथम हे समजून घेऊ की पंखा करतो काय. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढाच धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला बहुतेक भाग पाण्यामार्फत रेडिएटरमध्ये येतो. तो हवेत सोडायचा तर रेडिएटरच्या जाळीतून हवा वाहिली पाहिजे. गाडी पळत असते तेव्हा वारा आपोआप मिळतो. गाडी उभी असते किंवा रेंगाळत असते तेव्हा पंख्याने हवा ओढावी लागते.

अँबॅसडर, पद्मिनी आणि जुन्या जीपा यांत हा पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला असतो आणि फॅन बेल्टवर फिरतो. त्याचा गुण असा की त्याला वायर नाही, स्विच नाही, फ्यूज नाही. बेल्ट शाबूत आहे तोवर पंखा फिरणारच. त्याचा दोष असा की तो इंजिनाच्या वेगाशी बांधलेला आहे. सिग्नलवर इंजिन मंद चालते तेव्हा पंखाही मंद, आणि हवेची गरज तर तेव्हाच जास्त. उलट मोकळ्या रस्त्यावर वारा भरपूर असतो, तरी हा गरगर फिरून इंजिनाची शक्ती खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते, हा साधा हिशेब आहे. मुंबईत उन्हाच्या गर्दीत बॉनेट उघडून उभी असलेली पद्मिनी टॅक्सी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, पण तिचा धडा उरला आहे.

विजेचा पंखा इंजिनाच्या वेगाचा गुलाम नाही. पाणी ठराविक तापले की सुरू होतो, निवले की थांबतो. ज्या गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते, त्यांत इंजिनाच्या पुढचे टोक बाजूला येते आणि रेडिएटर समोर राहतो. तिथे पट्ट्याचा पंखा नीट जमत नाही. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्ये म्हणूनच विजेचा पंखा होता. आज बहुतेक लहान मोटारींत तोच असतो. तेव्हा ही वस्तू वाईट नव्हे. प्रश्न आहे तो आपल्या गाडीचा आजार त्याने बरा होणार आहे काय, हा.

यासाठी मालकाने स्वतःला एकच गोष्ट विचारावी: गाडी नेमकी कुठे गरम होते? बाजारपेठेत, सिग्नलवर, रांगेत उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागताच उतरतो, तर हवा कमी पडते आहे. इथे विजेचा पंखा खरोखर उपयोगी पडेल. परंतु मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाच गाडी तापत असेल, तर पंख्याचा संबंध नाही, कारण वारा तर मिळतोच आहे. मग दोष पाण्याच्या वाटेत असतो. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने चोंदलेल्या असतात, थर्मोस्टॅट अडकलेला असतो, वॉटर पंप झिजलेला असतो किंवा जाळीत चिखल-भुसा भरलेला असतो. अशा गाडीला नवा पंखा बसवणे म्हणजे तापाच्या रोग्याला नुसता वारा घालत बसणे होय. आधी फॅन बेल्ट सैल आहे का पाहावा, रेडिएटर धुऊन घ्यावा, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे झाकण तपासावे. पुष्कळ गाड्या एवढ्यानेच बऱ्या होतात आणि पंख्याचे पैसे वाचतात.

तिसरा प्रकार घाटाचा. भरलेली जीप खालच्या गिअरमध्ये घाट चढते तेव्हा गाडीचा वेग कमी, पण इंजिनाचा वेग जास्त असतो. त्या वेळी पट्ट्याचा पंखा जोरात फिरतो आणि भरपूर हवा ओढतो. बाजारात मिळणारा लहानसा विजेचा पंखा तेवढी हवा देऊ शकेलच असे नाही. म्हणून माणसे किंवा माल भरून घाट करणाऱ्यांनी जुना पंखा ठेवावा आणि बाकीची व्यवस्था सुधारावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता ज्यांची गाडी पहिल्या प्रकारची आहे त्यांच्यासाठी. बदल करायचा तर पूर्ण करावा. अर्धवट काम हे मूळ आजारापेक्षा घातक.

सर्वांत पहिली गोष्ट: पंखा काढायचा, बेल्ट काढायचा नाही. त्याच बेल्टवर वॉटर पंप आणि डायनमो किंवा अल्टरनेटर फिरतो. बेल्ट गेला की पाणी फिरायचे थांबेल आणि बॅटरीही उतरेल.

दुसरी गोष्ट विजेची. पंखा १५ अँपिअर घेत असेल तर १२ व्होल्टवर तो १८० वॅट झाला. दोन हेडलाइट सुमारे १० अँपिअर घेतात. जुना डायनमो वीस-पंचवीस अँपिअरच देतो, तोही इंजिन वेगात असताना. गाडी उभी असताना जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे रात्रीच्या गर्दीत दिवे आणि पंखा दोन्ही बॅटरीवर आले. डायनमोच्या गाडीला आधी अल्टरनेटर बसवावा, मगच पंख्याचा विचार करावा.

तिसरी गोष्ट वायरिंगची. पंख्याचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या साध्या स्विचमधून नेऊ नये. स्विच वितळतो आणि वायर पेटते. मध्ये ३० ते ४० अँपिअरचा रिले हवा. बॅटरीपासून येणारी वायर ४ चौरस मिलिमीटरची हवी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, अशा पंख्याला २५ ते ३० अँपिअरचा. फ्यूज जळतो म्हणून तिथे तार गुंडाळणारा मिस्त्री भेटला तर त्याला नम्रपणे नमस्कार करून दुसरे गॅरेज पाहावे.

चौथी गोष्ट उष्णतेच्या स्विचची. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडू लागत असेल तर पंखा ९२ ते ९५ अंशांच्या सुमारास सुरू व्हावा. त्यापेक्षा खाली ठेवला तर तो थांबणारच नाही. ड्रायव्हरने हाताने लावायचा स्विच जोडीला असावा, पण केवळ हाताच्या स्विचवर भरवसा ठेवू नये. माणूस विसरतो.

पाचवी गोष्ट बसवण्याची. पंखा शक्यतो रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूने बसवावा आणि भोवती पत्र्याचे कवच असावे, म्हणजे हवा पूर्ण जाळीतून ओढली जाते. प्लास्टिकच्या पट्ट्या जाळीतून ओवून पंखा बांधण्याची पद्धत सोपी दिसते, परंतु हादऱ्याने नळ्या घासतात आणि गळती लागते. चौकटीला पट्टी मारून बोल्टने बसवावा. काम झाल्यावर गाडी उभी असताना रेडिएटरच्या पुढे कागद धरावा. तो जाळीला चिकटला तर ठीक. दूर उडाला तर पंखा उलटा फिरतो आहे.

सहावी गोष्ट घरच्या मंडळींसाठी. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बॉनेट उघडे असताना मुलांना जवळ येऊ देऊ नये. साडीचा पदर, ओढणी, वेणी सांभाळावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, मात्र झाकण सैल होताच एकदम उसळते आणि तोंड भाजते. अर्धा-पाऊण तास थांबावे. विहिरीच्या पाण्याने नळ्यांत क्षार बसतो, म्हणून शुद्ध पाणी व कूलंट यांचे योग्य मिश्रण वापरावे. कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. त्याचा डबा मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडाला लागेल असा ठेवू नये.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पट्ट्याचा पंखा सहसा गुपचूप बंद पडत नाही. बेल्ट तुटला तर चार्जिंगचा दिवा लागतो. विजेचा पंखा मात्र एक वायर निसटली की निमूटपणे थांबतो, आणि सांगतो तो फक्त तापमानाचा काटा. बहुतेक जुन्या गाड्यांत नेमका तो काटाच बंद असतो! म्हणून पंख्याच्या आधी काटा दुरुस्त करून घ्या. तो कसा वाचायचा हे ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्या मुलाला, घरच्या बाईलाही शिकवा. दोन डोळ्यांपेक्षा चार डोळे बरे.

मिस्त्री सांगतो म्हणून करू नका, आणि आम्ही सांगतो म्हणूनही करू नका. गाडी कुठे तापते ते आठ दिवस वहीत लिहून ठेवा, मग ती वही घेऊन गॅरेजमध्ये जा. विचारून, समजून काम करून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. गाडी आपली आहे, कष्टही आपले आहेत.