स्वस्त विजेचा न मांडलेला खर्च

राजस्थानातील भडला येथील सौर प्रकल्पांच्या लिलावात मे २०१७ मध्ये युनिटला २ रुपये ४४ पैसे हा दर निघाला, तेव्हा कोळशाचे दिवस भरले अशी द्वाही फिरविण्यात आली. दर खरा होता. पण तो भडल्याच्या कुंपणापाशी मिळणाऱ्या विजेचा होता. तेथून ती शेकडो मैल नेण्याचा, आणि वाटेत वीजजाळे कोसळू न देण्याचा, खर्च त्यात धरलेला नव्हता.

औष्णिक केंद्रातील जनित्र वीजनिर्मितीबरोबर आणखी एक काम बिनबोभाट करीत असते. त्याचे अवजड फिरते चक्र धक्का बसला तरी आपल्या वेगाच्या जोरावर काही क्षण जाळ्याला सावरून धरते. विजेचा दाब ढासळू लागल्यास तोही उचलते. ही सेवा कोळशाबरोबर फुकट मिळत गेली, आणि फुकट वस्तूचा हिशेब कोण ठेवतो? सौरवीज इन्व्हर्टरमधून येते. तिच्यामागे फिरते वजन नसते. बहुतेक इन्व्हर्टर जाळ्यातील दाब पाहून आपली चाल ठरवितात. लांब तारेच्या टोकाशी तो दाबच डळमळला, तर ते अंग काढून घेतात. राजस्थानात हजार मेगावॉटहून अधिक वीज अशी क्षणात गळून पडण्याचे प्रकार २०२२ पासून वारंवार घडले आहेत.

याचा शेवट कोठे होऊ शकतो, हे दक्षिण ऑस्ट्रेलियाने २८ सप्टेंबर २०१६ रोजी पाहिले. वादळाने मनोरे पाडले, दाब लागोपाठ खाली गेला, आणि पवनचक्क्यांनी सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॉट वीज सोडून दिली. सारा भार व्हिक्टोरियाकडून येणाऱ्या वाहिनीवर पडला. ती बंद पडताच सबंध राज्य अंधारात बुडाले. चक्क्या मोडल्या नव्हत्या. ठराविक संख्येहून अधिक धक्के बसले की उत्पादन आवरावे, अशी त्यांची मांडणी होती आणि जाळे सांभाळणाऱ्यांना तिचा पत्ता नव्हता! दोष वाऱ्याचा की वादळाचा, यावर राजकारणी भांडत बसले. उपाय मात्र सापडले. चक्क्यांची मांडणी बदलण्यात आली. पुढे २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर बसविण्यात आले. ही यंत्रे वीज निर्माण करीत नाहीत, केवळ फिरत राहून आधार देतात.

महाराष्ट्राला हा प्रश्न दूरचा नाही. चंद्रपूर ते पडघे ही १५०० मेगावॉटची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून चालू आहे; तिच्या एका टोकाशी चंद्रपूरचे औष्णिक केंद्र पाय रोवून उभे आहे. आता कच्छमधील खावड्याहून नागपूरपर्यंत ६००० मेगावॉटची वाहिनी योजण्यात आली आहे. खावड्याच्या रणात सारी मदार सूर्य व वारा यांवर आहे. तेथे आधार विकतच घ्यावा लागणार.

तो कोणाच्या पैशाने? जून २०२५ अखेर कार्यान्वित झालेल्या सौर व पवन प्रकल्पांच्या विजेला आंतरराज्य पारेषण शुल्क माफ करण्यात आले. माफीने खर्च नाहीसा झाला नाही. तो इतरांच्या बिलांत वाटला गेला, आणि ज्यांच्या बिलांत तो गेला त्यांना त्याची वार्ता नाही. यावरून कोळशाकडे परत फिरा असे सुचविणाऱ्यांनी राख व धूर यांचा हिशेब आधी मांडावा. मागणी एवढीच आहे की, लिलावाच्या अटींतच जाळ्याला द्यावयाच्या आधाराचे माप लिहिले जावे, आणि तो न देणाऱ्या उत्पादकाकडून त्याची किंमत वसूल व्हावी. मग दर २ रुपये ४४ पैशांहून वर गेला, तरी तो निदान खरा दर असेल.