धावावे कुठे? ट्रेडमिलवर की मैदानावर?

"डॉक्टर, ट्रेडमिलवर धावणे बाहेर धावण्याइतके लागू पडते का?" असे हल्ली दवाखान्यात पुष्कळ जण विचारतात. त्यात बुटीबोरी एमआयडीसीत पाळ्यांत काम करणारे असतात आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुलीही असतात.

हृदय व फुप्फुसांच्या दृष्टीने दोन्हींत फार अंतर नाही. हृदयाची टीएमटी तपासणी ट्रेडमिलवरच होते. बाहेर धावताना हवा कापावी लागते, यंत्रावर तेवढे श्रम वाचतात. मात्र पट्ट्याला एक टक्का चढ दिला, की वेगाने धावणाऱ्याची ही तूट भरून निघते, असे जोन्स व डाउस्ट या संशोधकांनी १९९६ साली दाखवले. सावकाश धावणाऱ्याला त्याचीही गरज नाही.

खरा फरक निराळा आहे. ट्रेडमिलवर वेग यंत्र राखते. मैदानावर तो स्वतःला राखावा लागतो, वळण घ्यावे लागते, खाचखळग्यांत पाऊल सावरावे लागते. भरतीत मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावायचे असते ते मैदानावर. म्हणून केवळ जिमच्या भरवशावर राहू नका.

मात्र आपल्याकडचे ऊन विसरू नका. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावताना उमेदवारांचे प्राण गेले. उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी धावणे आटोपा. पाळीमुळे ते जमत नसेल तर ट्रेडमिल बरी. पण समोर पंखा हवा, कारण जागच्या जागी धावताना वारा लागत नाही व घाम वाळत नाही. रात्रपाळी करून आल्यावर आधी झोप घ्या.

धावताना छातीत दुखले तर तत्काळ थांबा व डॉक्टरांना गाठा. उन्हात कुणी भोवळ येऊन पडला किंवा बरळू लागला तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. चाळिशीनंतर, तसेच मधुमेह वा रक्तदाब असल्यास, तपासणी करूनच धावायला लागा.

शेवटी एक कळकळीची विनंती. पहाटेच्या अंधारात महामार्गाच्या कडेने ट्रकांशेजारून मुले धावताना दिसली की धडकी भरते. पालकांनी त्यांना मैदानावर पाठवावे आणि तिथे पहाटे दिवे चालू राहतील हे नगरपरिषदेने पाहावे. गरीब घरच्या मुलाला जिमची फी परवडत नाही, त्याची सारी तयारी त्या मैदानावरच व्हायची आहे.