अ‍ॅडमिशन मिळाली, पण आजारी पडलो तर?

मित्रांनो, आपल्या होस्टेलमध्ये एम.एस.चा विषय निघाला की रात्रीचा एक कधी वाजतो ते कळत नाही. जीआरईचा स्कोअर, रँकिंग, तिथे रूम किती जणांत घ्यायची, इथून कुकर कोणता न्यायचा, सगळं निघतं. फक्त तिथे आजारी पडलो तर काय, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "अरे, सगळ्यात स्वस्त असेल तो इन्शुरन्स घे. या वयात काय होतंय?"

हे उत्तर मला साफ नामंजूर आहे.

अपेंडिक्स वय विचारून दुखत नाही. बर्फावरून घसरायला म्हातारं असावं लागत नाही. आणि अक्कलदाढ तर नेमकी याच वयात येते, अक्कल आलेली असो वा नसो! (दातांचा खर्च बहुतेक स्टुडंट प्लॅनमध्ये नसतो. म्हणून निघण्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे एक चक्कर माराच.)

प्रत्येक देशाची रीत वेगळी आहे. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो, मग तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते. ऑस्ट्रेलियात जितका काळ व्हिसा तितका काळ विमा सक्तीचा. जर्मनीत विम्याशिवाय विद्यापीठात नावच नोंदवत नाहीत. तिथे तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी योजनेत सवलतीचा हप्ता असतो. पण काही जण सुरुवातीला स्वस्त म्हणून खाजगी विमा घेतात आणि सरकारी योजनेतून सूट मागतात. एकदा ही सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परतीचा रस्ता बंद!

आता अमेरिका, म्हणजे आपल्यातल्या निम्म्या लोकांचं स्वप्न. तिथे जे-१ व्हिसावर येणाऱ्यांसाठी सरकारने किमान विमा ठरवून दिला आहे. प्रत्येक आजार वा अपघातामागे १ लाख डॉलर, आणि मृतदेह मायदेशी पाठवण्यासाठी २५ हजार डॉलर. वाचूनच अंगावर काटा येतो. पण आपण बहुतेक जण जातो एफ-१ व्हिसावर, आणि त्याला केंद्र सरकारची अशी अटच नाही. सगळं विद्यापीठाच्या नियमावर. बऱ्याच ठिकाणी विद्यापीठाचा प्लॅन वर्षाला दोन-तीन हजार डॉलरच्या घरात जातो. मग मुलं दुसरा स्वस्त प्लॅन दाखवून सूट घेतात आणि पैसे वाचवल्याची पार्टी करतात.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजीची भीती नाही. पण एका सीनिअरची पॉलिसी वाचायला घेतली तर शब्द सगळे ओळखीचे आणि अर्थ एकाचाही लागेना! तेव्हा सरळ हिशेबच मांडते. समजा हॉस्पिटलचं बिल झालं १०,००० डॉलर. तुमचं 'डिडक्टिबल' ५०० डॉलर, म्हणजे पहिले ५०० तुमच्या खिशातून. उरलेल्या ९,५०० वर 'को-इन्शुरन्स' २० टक्के, म्हणजे आणखी १,९००. एकूण २,४०० डॉलर. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तरी दोन लाख सोळा हजार रुपये, आणि तेही विमा असताना! हॉस्पिटल कंपनीच्या 'नेटवर्क'मधलं नसेल तर आकडा याहून वर.

स्वस्त प्लॅनमध्ये आणखी एक मेख असते. जुना दमा, थायरॉइड असे आधीपासूनचे आजार त्यात बहुधा धरत नाहीत. मनाच्या आजाराला तर अनेकदा जागाच नसते. घरापासून इतक्या लांब, एकट्याने, थंडीत राहणाऱ्या मुलाला याचीच गरज पहिली पडेल, नाही का?

कुणी म्हणेल, तिथे इमर्जन्सीत कुणाला परत पाठवत नाहीत. खरं आहे. १९८६ च्या कायद्याने पैसे नसले तरी रुग्णाला तपासून त्याची तब्येत स्थिर करावीच लागते. पण कायदा उपचाराचा आहे, बिल माफीचा नाही. बिल नंतर घरी येतंच.

आणि 'घरी' म्हणजे कुठे? साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. आपल्यापैकी कित्येकांच्या बाबांनी त्यासाठी घराचे, शेताचे कागद ठेवलेले असतात. आपण तिथे हप्त्यात लाखभर वाचवतो, आणि धोका कुणाच्या डोक्यावर ठेवतो? मला वाटतं, विम्याचा हप्ता हा वरखर्च नाही, तो फीचाच भाग आहे. कर्जाचा अर्ज भरतानाच तो त्यात धरायला हवा.

सर आणि मॅडमना एक विनंती. उच्च शिक्षणावर आपल्याकडे दरवर्षी गेस्ट लेक्चर होतं. त्यातला एक तास विम्याला द्या. तिथे शिकणाऱ्या सीनिअर्सकडून दोन-तीन पॉलिसी मागवू, झेरॉक्स वाटू आणि ओळीने वाचू. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स समजून घेणाऱ्यांना हे जड जाऊ नये!

आणि मित्रांनो, विद्यापीठांची यादी करताना एक्सेल शीटमध्ये फी आणि रँकिंगच्या शेजारी एक कॉलम वाढवा : विमा. हप्ता किती, डिडक्टिबल किती, जुने आजार धरतात का, मानसोपचार आहेत का. चार प्रश्न. उत्तरं मिळाल्याशिवाय त्या विद्यापीठाची अ‍ॅप्लिकेशन फी भरू नका.