ठिपक्यांचा वाडा

आमचा गांवचा वडिलार्जित वाडा गेल्या वैशाखांत उतरविला. भिंती फुगल्या होत्या, तुळयांस वाळवी लागली होती. दुसरा इलाज नव्हता. उतरविण्यापूर्वीं आमचा नातू, जो स्थापत्याचा अभ्यास करतो, तिपाईवर फिरणारें एक यंत्र घेऊन आला, आणि दोन दिवस खोल्याखोल्यांतून तें मांडून त्यानें सबंध वाडा टिपून घेतला. हें टिपणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस नवें असेल. आम्हांसही होतें, म्हणून जें समजलें तें येथें सांगतों.

यंत्र प्रकाशाचा एक सूक्ष्म किरण सोडतें. तो भिंतीवर आपटून परत येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर निघतें. किरण कोणत्या दिशेस सोडला हें यंत्रास ठाऊकच असतें. एवढ्यावरून त्या जागेचे लांबी, रुंदी व उंची असे तीन आंकडे मिळतात. असे कोट्यवधि बिंदु जमले म्हणजे त्या समूहास बिंदुमेघ म्हणावें. लांबून पाहिलें तर हुबेहूब वाडा. जवळ जावें तों नुसते ठिपके, आणि मध्यें पोकळी.

आतां या ठिपक्यांवरून सलग पृष्ठभाग कसा करावयाचा? घरांतील स्त्रिया ठिपक्यांची रांगोळी काढतात, तेव्हां कोणता ठिपका कोणास जोडावा हें त्यांच्या मनांत ठरलेलें असतें. येथें तसें सांगणारें कोणी नाहीं. दाराच्या फळीच्या अलीकडचा ठिपका व पलीकडचा ठिपका यांत जेमतेम दोन बोटांचें अंतर. पण ते एकमेकांस जोडले कीं दाराचा सत्यानाश झाला! म्हणून प्रत्येक ठिपक्याच्या शेजाऱ्यांवरून तेथील पृष्ठभागाचें तोंड कोणीकडे आहे हें प्रथम ठरवितात. मग जोडणी त्रिकोणांनीं करतात. चार पायांचा पाट डुगडुगतो, तिपाई डुगडुगत नाहीं. कारण तीन बिंदु नेहमीं एका पातळींत बसतात, चौथ्याचा भरंवसा नसतो. सपाटीवर त्रिकोण कसे निवडावे याचा एक सुंदर नियम रशियन गणिती बोरिस देलोने यांनीं १९३४ सालीं मांडला: त्रिकोणाच्या तिन्ही कोनबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आंत दुसरा एकही बिंदु येतां कामा नये. एवढें पाळलें कीं सुईसारखे लांबट त्रिकोण शक्य तितके टळतात. दुसरी रीत अशी कीं, सर्व अवकाशाचे बारीक घन पाडावे, प्रत्येक घनाचा कोणता कोपरा वस्तूच्या आंत व कोणता बाहेर हें पाहावें, आणि आंत-बाहेरची सीमा ज्या घनांतून जाते त्यांत त्रिकोण बसवावे. ही रीत लोरेन्सेन व क्लाइन यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केली.

या विद्येचें गाजलेलें उदाहरण फ्लॉरेन्स येथील आहे. मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ हा संगमरवरी पुतळा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनीं १९९९ सालीं रात्रीं जागून टिपला. पुतळ्याची उंची पुस्तकांत ४३४ सेंटिमीटर छापलेली. यंत्र लावून पाहतात तों ती भरली ५१७! त्यांचें यंत्र उंचीस अपुरें पडलें व त्यास जोड द्यावी लागली. छापील अक्षर तेवढें प्रमाण मानणाऱ्या आम्हां शिक्षकांस हा चांगलाच धडा होय. एकंदर टिपणांत सुमारें दोन अब्ज चिमुकल्या आकृति जमल्या. तरीही पुतळ्याच्या खोल सांदींत किरण पोहोंचेना, व तेथें भोंकें राहिलीं. अशीं भोंकें कडेच्या आकारावरून अनुमानानें भरण्याच्या युक्त्या आहेत.

आणि येथेंच आमचें दुखणें आहे. नातवानें तयार झालेला वाडा आम्हांस पडद्यावर फिरवून दाखविला. ओसरी, माजघर, जिना, सर्व जागच्या जागीं. स्वयंपाकघरांत आलों तों भिंत अगदीं गुळगुळीत! त्या भिंतींत कोनाडा होता. आमची आई तिन्हीसांजेस त्यांत दिवा ठेवीत असे. टिपतांना त्यापुढें धान्याचा मोठा पेटारा उभा होता. आम्हीं विचारलें, तेव्हां मुलगा ओशाळून म्हणाला, “आजोबा, तेथें बिंदूच नव्हते. यंत्रानें आपल्या अकलेनें भिंत पुरी केली.” वाडा तर केव्हांच उतरला होता.

न दिसलेलें भरूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. भरलें आहे हें सांगावें, एवढेंच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली व १९६६ सालीं पुरी केली. तींत जेथें पाठाचा निश्चय झाला नाहीं, तेथें संपादकांनीं अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिली आहे. अनुमान करावें, पण तें प्रत्यक्षाच्या वेषांत उभें करूं नये. ही गोष्ट आम्हीं नातवास सांगितली, व त्यास ती पटली. त्यानें यंत्रानें भरलेला सर्व भाग तांबड्या रंगानें दाखविला. मूळ बिंदूही जसेच्या तसे जपून ठेवले.

पुढें कोनाडा काढावा म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस विचारलें. आम्ही म्हणालों, तो चुलीच्या डावीकडे होता. वडील वहिनी शपथेवर सांगतात, उजवीकडे. अखेर कोनाडा काढला नाहीं. ती भिंत आमच्या वाड्यांत आज तांबडीच आहे.