पडद्याचे चित्र नको, बोटांची नोंद दाखवा!

समजा वर्गातला एक मित्र तुम्हांला म्हणाला, "मोटारशर्यतीच्या त्या खेळात मी काल २४ सेकंदांत फेरी पूर्ण केली!" तुम्ही म्हणणार, "दाखव पाहू." तो पडद्याचे चित्रीकरण दाखवतो. गाडी भरधाव धावते, घड्याळ २४ वर थांबते. तुमची खात्री पटते. माझी मात्र पटणार नाही. का, ते सांगतो.

पडद्यावर दिसतो तो परिणाम. त्याचे कारण असते खेळाडूच्या बोटांत. कंट्रोलरची कळ दाबली की आत एक संपर्क जुळतो. छोटी काठी कलवली की कलण्याच्या प्रमाणात एक संख्या बदलते. संगणक दर सेकंदाला कित्येक वेळा कंट्रोलरकडे चौकशी करीत असतो : कोणती कळ दाबली आहे? काठी किती कलली आहे? उत्तर प्रत्येक वेळी आकड्यांत मिळते. एक्सबॉक्सचा कंट्रोलर विंडोजच्या संगणकाला जोडला, तर काठीचे डावे-उजवे कलणे उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतच्या संख्यांनी कळते. काठीला हात लावला नाही तर संख्या बरोबर शून्य येईल असे तुम्हांला वाटेल. बहुधा ती थोडी इकडेतिकडे असते. (काठी जुनी झाली असेल तर बरीच!) हे आकडे वेळेसह ओळीने लिहून ठेवले, की झाली बोटांची रोजनिशी.

ही रोजनिशी किती छोटी असते पाहा. १९९३ साली अमेरिकेत निघालेल्या 'डूम' या खेळात तिची सोय होती. सेकंदाचे ३५ भाग, आणि प्रत्येक भागासाठी खेळाडूमागे ४ बाइट : पुढेमागे जाणे, बाजूला सरकणे, वळणे आणि कळा. म्हणजे सेकंदाला १४० बाइट. दहा मिनिटांच्या खेळाला ८४,०००. आजच्या मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही याहून कितीतरी मोठा असतो! या नोंदीत चित्र एकही नसते. पण तीच नोंद खेळाच्या त्याच आवृत्तीला पुन्हा दिली, की सारा खेळ जसाच्या तसा उलगडतो. तुम्ही विचाराल, खेळातले राक्षस तर लहरीप्रमाणे वागतात, त्यांचे काय? ती लहर नव्हेच. डूममध्ये २५६ आकड्यांचे एक ठरलेले कोष्टक आहे, आणि लहर हवी असेल तेथे त्यातला पुढचा आकडा उचलला जातो. सुरुवात तीच, कळा त्याच, म्हणून शेवटही तोच.

आता खरी गोष्ट ऐका. 'ट्रॅकमॅनिया' हा फ्रान्समध्ये तयार झालेला मोटारशर्यतीचा खेळ. २०२१ साली त्याच्या जुन्या आवृत्त्यांतले कित्येक विक्रम खोटे असल्याचे उघडकीस आले. युक्ती साधी होती : खेळाचाच वेग कमी करायचा. गाडी सावकाश चालते, खेळातले घड्याळही तितकेच मंदावते, आणि वळण घ्यायला हाताला जास्त अवधी मिळतो. मागाहून तीच फेरी नेहमीच्या वेगाने दाखवली की पाहणाऱ्याला संशय येत नाही. पण खेळाने सुकाणूची प्रत्येक हालचाल सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत टिपून ठेवली होती. काही हौशी खेळाडूंनी खास प्रोग्रॅम लिहून हजारो नोंदी तपासल्या. संशयित फेऱ्यांत डावी-उजवी हालचाल इतकी जलद होती, की ती माणसाच्या हाताची वाटेना. चित्राने लपवले ते आकड्यांनी सांगितले!

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की जेथे संगणकाच्या खेळांच्या स्पर्धा होतात, मग त्या शाळेच्या स्नेहसंमेलनात का असेनात, तेथे विक्रमासोबत कळांची नोंद मागितलीच पाहिजे. प्रयोगवहीत निरीक्षणे न लिहिता नुसते उत्तर लिहिले तर तुमच्या बाई गुण देतील काय?

कोणी म्हणेल, नोंदही बनावट करता येईल. येईल, हे मला मान्य आहे. क्षणाक्षणाच्या कळा आधी लिहून ठेवून खेळ संगणकाकडूनच खेळवून घेणारे हौशी लोक आहेत, आणि ते तसे उघड सांगतात. तो स्वतंत्र छंद आहे, त्यात लबाडी नाही. नोंद सांगते ती कळा कोणत्या आणि केव्हा दाबल्या गेल्या एवढेच. बोटे कोणाची, हे ती सांगत नाही. त्यासाठी हातांचेही चित्रीकरण हवे, आणि दोन्हींची वेळ जुळायला हवी.

दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. कळफलकावर खेळणाऱ्यांची नोंद ठेवताना, त्याच कळफलकावर टाइप केलेले पासवर्डही सापडतील! तेव्हा नोंदणीचा प्रोग्रॅम खेळाडूने स्वतः सुरू करावा, खेळ संपताच स्वतः बंद करावा, आणि फाइल देण्यापूर्वी तीत काय काय आले आहे ते उघडून पाहावे. ही मुभा नसेल त्या स्पर्धेत नाव न दिलेलेच बरे.